पल्स्ड लेसर डिपॉझिशनमधले नॅनोकणांचे फ्रॅक्टल पुंजके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या भागातल्या एमएस्सी प्रकल्पांत आणि पीएचडीच्या पहिल्या वर्षात हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पल्स्ड लेसर डिपॉझिशनला इथे पुढे ‘पीएलडी’ म्हटले आहे. लेसरने टार्गेटवर मारा करायचा, त्यातून उडालेला पदार्थ समोरच्या सबस्ट्रेटवर बसवायचा, एवढे माहीत आहे असे धरून पुढची उत्तरे लिहिली आहेत.

फ्रॅक्टल पुंजका म्हणजे नेमके काय?

कंदिलाच्या काचेवर धरलेली काजळी किंवा कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताना उडणारी काजळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. काही दहा नॅनोमीटरचे गोल कण एकमेकांना चिकटून फांद्या झालेल्या दिसतात. मोठ्या फांदीतून लहान फांदी, तिच्यातून आणखी लहान. चित्र लहान-मोठे केले तरी स्वरूप तसेच राहते. भरीव गोळ्याची त्रिज्या दुप्पट केली तर वस्तुमान आठपट होते, कारण त्याची मिती ३ आहे. काजळीच्या पुंजक्याची त्रिज्या दुप्पट झाली तर वस्तुमान साधारण साडेतीनपटच वाढते. म्हणजे मिती १.८ च्या आसपास. पुंजका जसा मोठा होतो तसा आतून पोकळ होत जातो, हा त्याचा खरा गुण. पीएलडीत पुरेसा वायू ठेवला की हेच घडते, फक्त कार्बनऐवजी झिंक ऑक्साइड, टिटॅनियम डायऑक्साइड, सोने, चांदी किंवा आणखी काही असते.

चेंबरमध्ये हे पुंजके कुठल्या क्रमाने बनतात?

काही नॅनोसेकंदांची लेसर पल्स टार्गेटचा पातळ थर उडवते आणि त्याचा प्लाझ्मा, म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉनांचा तापलेला झोत, होतो. या झोताला सगळे प्लूमच म्हणतात. सुरुवातीला त्याचा वेग सेकंदाला दहा किलोमीटरच्या घरात असतो. चेंबर रिकामा असेल तर अणू सरळ सबस्ट्रेटवर जाऊन बसतात. वायू असेल तर प्लूम त्याला पुढे ढकलतो, दाबलेल्या वायूची भिंत तयार होते, प्लूम मंदावतो आणि थंड होतो. गरम बाष्प एकदम थंड झाले की अतिसंपृक्त होते आणि अणू एकत्र येऊन बारीक कण धरतात. आभाळात थेंब धरतो तसेच.

यानंतरचा टप्पा सगळे ठरवतो. कण अजून गरम असताना दोन कण धडकले तर ते वितळून एकच मोठा गोल कण होतो. थंड झाल्यावर धडकले तर जिथे टेकले तिथेच चिकटतात, आकार बदलत नाही. दोन धडकांमधला वेळ आणि दोन कण एकजीव व्हायला लागणारा वेळ यांची ही शर्यत आहे. एकजीव व्हायला जास्त वेळ लागू लागला की कणांची वाढ थांबते आणि फांद्यांची वाढ सुरू होते. म्हणून एकाच पुंजक्यातले मूळ कण जवळपास सारख्या मापाचे दिसतात: त्यांचे माप त्या क्षणी गोठलेले असते.

पुंजका वायूत बनला की सबस्ट्रेटवर, हे कसे ओळखायचे?

या प्रश्नाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते. दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत आणि दोन्हींना सरसकट ‘डीएलए’ (डिफ्यूजन-लिमिटेड ॲग्रिगेशन, म्हणजे भटकत येऊन चिकटण्याने होणारी वाढ) म्हटले जाते.

विटेन आणि सँडर यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या डीएलए प्रारूपात एक स्थिर बी असते आणि भटकत येणारा एकेक कण त्याला चिकटतो. सपाट पृष्ठभागावर याची मिती सुमारे १.७१ येते, तीन मितींत सुमारे २.५. सबस्ट्रेटवर बसलेले अणू किंवा छोटे कण घसरत जाऊन एकमेकांना मिळतात तेव्हा हे प्रारूप जवळचे ठरते. वायूत मात्र स्थिर बी कुणीच नसते. कणांबरोबर पुंजकेही भटकतात, पुंजक्याला पुंजका मिळतो. या प्रक्रियेला डीएलसीए (डिफ्यूजन-लिमिटेड क्लस्टर ॲग्रिगेशन) म्हणतात. तीन मितींत तिची मिती सुमारे १.७८ येते. टेकल्याबरोबर न चिकटता अनेक धडकांनंतर चिकटणारे कण असतील तर ते आत शिरायला जागा शोधतात आणि मिती २.१ पर्यंत जाते.

आता अडचण पाहा. पृष्ठभागावरचे १.७१ आणि वायूतले १.७८ एवढे जवळ आहेत की केवळ आकड्यावरून निवाडा करता येत नाही. त्यासाठी दाब बदलून पाहायचा. बाकी सगळे तेच ठेवून तीन नमुने करा: एक निर्वातात, एक ०.१ मिलिबारला, एक १ मिलिबारला. फांद्या निर्वातातही दिसल्या तर त्या पृष्ठभागावर वाढल्या. १ मिलिबारलाच दिसल्या तर वायूतून आल्या. दुसरी खूण उंचीची आहे. पृष्ठभागावरचा पुंजका चपटा असतो, एएफएममध्ये (ॲटॉमिक फोर्स सूक्ष्मदर्शकात) त्याची उंची एका कणाएवढी भरते. वायूतला पुंजका येऊन पडलेला असतो, त्यामुळे काही फांद्या वर उभ्या राहतात.

कोणता दाब ठेवू?

एका आकड्यात उत्तर मागितले जाते, पण आधी मुक्त पथ समजून घ्या. खोलीच्या तापमानाला हवेचा रेणू दुसऱ्यावर आदळण्याआधी किती अंतर जातो? एक लक्षांश मिलिबारला सुमारे ७ मीटर, म्हणजे चेंबरच्या कितीतरी पट. ०.१ मिलिबारला सुमारे ०.७ मिलिमीटर. १ मिलिबारला ०.०७ मिलिमीटर. टार्गेट आणि सबस्ट्रेट ४ ते ५ सेंटिमीटरवर असतील तर १ मिलिबारला वाटेत शेकडो धडका होतात.

यावरून सुरुवातीचा अंदाज असा. ०.०१ मिलिबारच्या खाली घट्ट, गुळगुळीत थर. ०.१ च्या आसपास दाणेदार किंवा खांबासारखी वाढ. १ मिलिबारला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी सच्छिद्र रचना. ५ ते १० मिलिबारला हाताने पुसली जाईल अशी हलकी काजळी. याच्याही पुढे गेलात तर प्लूम सबस्ट्रेटपर्यंत पोचत नाही आणि नमुना रिकामा राहतो. मग सबस्ट्रेट २ ते ३ सेंटिमीटरवर आणावा लागतो. दाब आणि अंतर नेहमी जोडीने बदला. धातूंमध्ये हा बदल डोळ्यांनाही दिसतो: निर्वातात बसलेले सोने पिवळे चमकते, काही मिलिबार वायूत बसलेले सोने मखमली काळे दिसते. काळेपणा अशुद्धीचा नसतो, सच्छिद्र रचनेत प्रकाश अडकल्याचा असतो.

गेजवर १ मिलिबार दिसतो, तरी शोधनिबंधातल्यासारखा निकाल का येत नाही?

बहुतेक वेळा पिरानी गेज या दाबमापकामुळे. हे गेज वायूची उष्णता वाहून नेण्याची क्षमता मोजते आणि नायट्रोजनवर जुळवलेले असते. त्यात आरगॉन भरला की खऱ्यापेक्षा कमी दाब दिसतो. या टप्प्यात दिसणाऱ्या आकड्याला साधारण १.६ ने गुणावे लागते. हेलियममध्ये उलट, जास्त दाब दिसतो. गेजसोबत आलेल्या पुस्तिकेतला तक्ता काढून चेंबरशेजारी चिकटवा. कपॅसिटन्स मॅनोमीटर (पडद्यावरचा दाब थेट मोजणारा गेज) असेल तर तोच वापरा, त्याला वायू कोणता याने फरक पडत नाही.

आणखी एक गोष्ट. १ मिलिबारला टर्बो पंप (उच्च निर्वातासाठीचा, अतिवेगाने फिरणारा पंप) पूर्ण उघड्या गेट व्हॉल्व्हवर चालवू नका, त्याच्यावर जास्त भार येतो. आधी टर्बोने एक लक्षांश मिलिबारपर्यंत उपसा, मग गेट बंद करा, रोटरी पंपाची बायपास लाइन थोडी उघडा आणि नीडल व्हॉल्व्हने (बारीक नियंत्रणाच्या तोटीने) वायू सोडत दाब स्थिर करा. दहा मिनिटे आकडा हलला नाही तरच लेसर सुरू करा.

आरगॉन की हेलियम?

आरगॉनचा अणू जड, तो प्लूमला लवकर रोखतो. त्याच दाबाला पुंजके मोठे येतात. हेलियम हलका आहे, रोखतो कमी, पण उष्णता पटकन काढून घेतो. त्यामुळे मूळ कण बारीक राहतात आणि सारखा परिणाम हवा असेल तर दाब बराच वाढवावा लागतो. ऑक्साइडचा नमुना असेल तर ऑक्सिजनच घ्या, नाहीतर ऑक्सिजनची उणीव असलेला पदार्थ मिळतो.

लेसरची सेटिंग काय ठेवायची?

एनडी:याग लेसर असेल तर ३५५ किंवा २६६ नॅनोमीटर, पल्स ५ ते १० नॅनोसेकंद, १० हर्ट्झ. केआरएफ एक्सायमर लेसर असेल तर २४८ नॅनोमीटर. फ्लुएन्स, म्हणजे टार्गेटच्या एकक क्षेत्रावर पडणारी पल्सची ऊर्जा, २ ते ३ ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटरपासून सुरू करा.

फ्लुएन्स काढताना मोठी चूक होते. मीटरवर १०० मिलिज्यूल दिसतात म्हणून तेवढेच टार्गेटवर पोचतात असे नाही. लेन्स आणि खिडकीत १५ टक्के गेले तर ८५ उरले. थर्मल कागदावर एक पल्स मारून ठसा मोजा. तो १.५ बाय २ मिलिमीटर असेल तर क्षेत्र ०.०३ चौरस सेंटिमीटर, म्हणून फ्लुएन्स सुमारे २.८. वायूत काम करताना खिडकीच्या आतल्या बाजूवर काजळी बसत जाते आणि ऊर्जा हळूहळू घटते. दर नमुन्यानंतर खिडकीतून गेलेली ऊर्जा मोजा. १० टक्क्यांहून जास्त घट दिसली की खिडकी काढून पुसा. नाहीतर पहिला आणि पाचवा नमुना एकाच अटींखाली झाला असे लिहिणे खोटे ठरेल.

टार्गेट घरीच करता येते का?

ऑक्साइडचे येते. झिंक ऑक्साइडसाठी सुमारे १० ग्रॅम पावडर पीव्हीएच्या (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, चिकटवण्यासाठी) थोड्या द्रावणात मळून वाळवा, २५ मिलिमीटरच्या डायमध्ये (साच्यात) ५ टनांनी दाबा, ५०० अंशांना तासभर ठेवून पीव्हीए जाळून टाका आणि ११०० ते १२०० अंशांना ६ ते ८ तास भाजा. तापमान मिनिटाला ५ अंशांपेक्षा वेगाने चढवले तर वडी तडकते. मग वजन आणि मापे घेऊन घनता काढा. झिंक ऑक्साइडची पूर्ण घनता ५.६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे, तुमची ५ च्या वर हवी. कच्ची वडी वापरली तर लेसरखाली तिचे तुकडे उडतात आणि फिल्मवर मायक्रॉनएवढे गोळे पडतात. ते वितळलेले थेंब किंवा ढलपे असतात, पुंजके नव्हेत. काही प्रबंधांत त्यांनाच ‘क्लस्टर’ म्हणून दाखवलेले असते. टार्गेट सतत फिरते ठेवा, एकाच जागी मारा झाला की खड्डा पडतो आणि थेंब वाढतात.

सोन्याच्या टार्गेटसाठी जळगावच्या सराफ बाजारासारखी सोय दुसरीकडे क्वचित असेल. २४ कॅरेटचा, २५ मिलिमीटर व्यासाचा, अर्धा मिलिमीटर जाड पत्रा मागा. वजन सुमारे ४.७ ग्रॅम भरेल. २२ कॅरेट घेऊ नका, त्यातले तांबे आणि चांदी कणांत उतरते आणि प्रकाशशोषणाच्या वर्णपटातले सोन्याचे शिखर सरकते. वापरून झाल्यावर पत्रा परत वितळवता येतो, म्हणून खर्च वाटतो तेवढा नाही.

टीईएमसाठी (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी) किती पल्स माराव्यात?

कार्बन फिल्मच्या ग्रिडवर १ मिलिबारला ५०, १०० आणि २०० पल्सचे तीन नमुने करा. पुंजके सुटे दिसले पाहिजेत, क्षेत्राचा पाचवा हिस्साही भरलेला नसावा. एकावर एक पडलेल्या पुंजक्यांची मिती काढली तर ती गर्दीची मिती निघते.

फ्रॅक्टल मिती कशी काढायची?

इमेज-जे हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. प्रतिमा ८-बिट करा, थ्रेशोल्ड (काळे-पांढरे ठरवणारी उजेडाची सीमा) लावून काळी-पांढरी करा, एक पुंजका वेगळा कापा आणि ‘फ्रॅक्टल बॉक्स काउंट’ चालवा. चौकटीचे माप आणि भरलेल्या चौकटींची संख्या यांचा लॉग-लॉग आलेख मिळतो, त्याचा उतार म्हणजे मिती. इथवर सगळे करतात. नंतरच्या गोष्टी सुटतात.

थ्रेशोल्ड दहा पायऱ्या वर आणि दहा पायऱ्या खाली करून पुन्हा मोजा. मिती ०.१ ने हलत असेल तर तुमची अनिश्चितता किमान तेवढी आहे, मग १.७३४ असे तीन दशांश लिहू नका. मूळ कणापेक्षा लहान आणि पुंजक्यापेक्षा मोठ्या चौकटी सोडून द्या, तिथे उतार वेगळाच असतो. उरलेला भाग निदान दसपट मापांवर पसरलेला हवा: १० नॅनोमीटरचे कण असतील तर पुंजका १०० पेक्षा बराच मोठा. एका चित्रावर विसंबू नका, वीस-तीस पुंजके घ्या.

टीईएमचे चित्र म्हणजे तीन मितींतल्या वस्तूची सावली असते हेही विसरू नका. खरी मिती २ पेक्षा कमी असेल तर सावली तीच मिती दाखवते. २ पेक्षा जास्त असेल तर सावली भरून जाते आणि कितीही मोजले तरी २ च येते. घट्ट पुंजक्यांसाठी म्हणून एसएएक्सएस (लहान कोनातले क्ष-किरण विकिरण) लागते, तिथे विकिरणाच्या तीव्रतेचा उतार थेट मिती देतो. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) एसएएक्सएसची बीमलाइन आहे, आणि खानदेशला मुंबईपेक्षा इंदूर जवळ.

एका पुंजक्यात किती कण असतात, हिशेब करता येतो का?

येतो. कणांची संख्या = १.३ × (पुंजक्याची जायरेशन त्रिज्या ÷ कणाची त्रिज्या) याचा १.७८ घात. जायरेशन त्रिज्या म्हणजे वस्तुमान मध्यापासून सरासरी किती दूर पसरले आहे याचे माप. कण ५ नॅनोमीटर त्रिज्येचा, पुंजक्याची जायरेशन त्रिज्या १०० नॅनोमीटर. भागाकार २०, त्याचा १.७८ घात सुमारे २०७, म्हणून कण सुमारे २७०. तेवढ्याच जायरेशन त्रिज्येचा भरीव गोळा असता तर त्यात १७ हजार कणांएवढा माल मावला असता. दोन टक्क्यांपेक्षाही कमी जागा भरलेली, बाकी सगळी पोकळी. गॅस सेन्सरसाठी लोक या रचनेच्या मागे का लागतात ते या एका हिशेबात कळते: वायूला आत शिरायला वाट मिळते आणि जवळजवळ प्रत्येक कणाचा पृष्ठभाग उघडा राहतो.

सबस्ट्रेट तापवला तर काय होते?

पृष्ठभागावरच्या फांद्या तापमानाबरोबर जाड होतात आणि शेवटी गोल बेटे बनतात, कारण अणूंना फांदीच्या कडेने सरकून खाचेत बसायला ऊर्जा मिळते. फांद्या हव्या असतील तर खोलीचे तापमान ठेवा. मिलिबारच्या टप्प्यात आणखी एक परिणाम असतो: गरम सबस्ट्रेट वायूतल्या कणांना दूर ढकलतो. ६०० अंशांचा हीटर लावल्यावर फिल्म पातळ पडली तर लेसर तपासण्याआधी हे लक्षात घ्या.

फिल्म सुंदर आली होती, बाहेर काढली तर उडून गेली. का?

चेंबरमध्ये हवा घाईने सोडली. हे पुंजके सबस्ट्रेटला जेमतेम धरून असतात. नीडल व्हॉल्व्हने कोरडा नायट्रोजन १५ ते २० मिनिटे घेऊन सोडा, आणि वायूची तोटी सबस्ट्रेटसमोर नको. लोखंड, टिटॅनियम, ॲल्युमिनियमची ताजी काजळी हवा लागताच पेट घेऊ शकते, तिथे ही सावकाशी सुरक्षेसाठीही हवी. चेंबर साफ करताना कोरडा ब्रश किंवा ब्लोअर वापरू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या कापडाने पुसा, तोंडावर एन-९५ मास्क आणि हातात नायट्राइल मोजे.

दुसरे कारण पाणी. ओलावा पोकळीत शिरला आणि मग सुकला की पाण्याचा ताण फांद्यांना एकमेकींकडे ओढतो आणि रचना बसते. आषाढ-श्रावणात नमुना सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्येच (हवाबंद कोरड्या भांड्यात) ठेवा. एसईएम (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची तपासणी) त्याच आठवड्यात उरकून घ्या.

खानदेशच्या हवामानासाठी वेगळे काय सांभाळायचे?

मे महिन्यात तापमान ४४-४५ अंशांवर गेले की लेसरचे पाणी गार करणारा, हवेने थंड होणारा चिलर हात टेकतो, लेसरच्या पाण्याचे तापमान वर जाते आणि पल्सची ऊर्जा डगमगते. चिलरचे बाहेरचे युनिट उत्तरेच्या सावलीत ठेवा आणि मोठे नमुने सकाळी १० च्या आत उरका. चिलरमध्ये बोअरचे पाणी कधीही घालू नका, क्षार बसतात. डीआयोनाइज्ड पाणीच घाला.

पावसाळ्यात उलट काळजी. हवेचा दवबिंदू २३-२४ अंशांपर्यंत चढतो. चिलर १८ अंशांवर असेल आणि खोलीचा एसी बंद असेल तर लेसर हेडवर पाणी धरते आणि आरशांचे कोटिंग जाते. आधी एसी, तासाभराने चिलर.

वीज जाणे हे तिसरे. टर्बो आणि गेज यूपीएसवर हवेत. रोटरी बंद पडताच तिचे तेल निर्वाताकडे ओढले जाते; मध्ये आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह नसेल तर ते चेंबरमध्ये येते, आणि पुढचे कित्येक नमुने कार्बनचे डाग घेऊन निघतात. जिनिंगच्या हंगामात हवेत रुईचे तंतू असतात. ते सबस्ट्रेटवर बसले तर एसईएममध्ये लांबलचक दोऱ्या दिसतात. सबस्ट्रेट शेवटच्या क्षणी धुऊन नायट्रोजनने वाळवा.

पीएलडी नाही, तरी या विषयावर प्रकल्प करता येईल का?

उत्तम होतो, दोन प्रकारे. एक संगणकावर. पायथनमध्ये ५०१ बाय ५०१ ची जाळी घ्या, मध्ये एक बी ठेवा. पुंजक्याच्या टोकापासून पाच घरे दूरच्या वर्तुळावरून कण सोडा, तो चारपैकी कुठल्याही दिशेला एकेक घर चालू द्या, शेजारी लागला की चिकटवा, पुंजक्याच्या तिप्पट त्रिज्येबाहेर गेला की रद्द करून नवा सोडा. साध्या लॅपटॉपवर दहा हजार कण होतात. पुंजका जाळीच्या कडेला टेकण्याआधी थांबा. आता चिकटण्याची शक्यता १ वरून ०.१, मग ०.०१ करा: फांद्या जाड होताना दिसतील.

दुसरा काचेच्या बशीत. पेट्री डिशमध्ये झिंक सल्फेटच्या द्रावणाचा दोन-तीन मिलिमीटरचा थर घ्या, कडेने जस्ताच्या पट्टीची कडी ठेवा, मध्ये पेन्सिलचे शिसे बुडवा. कडी धन टोकाला, शिसे ऋण टोकाला, सुमारे ५ व्होल्ट. मध्यापासून जस्ताच्या फांद्या फुटू लागतात. मोबाइलने वरून, बशीखाली दिवा ठेवून, दर मिनिटाला फोटो काढा आणि तेच इमेज-जे वापरा. व्होल्टेज बदलल्यावर मिती कशी बदलते हा स्वतंत्र प्रकल्प होतो. बशी टेबलाच्या धक्क्याने हलली तर फांदी तुटते, म्हणून आधी लेव्हल लावून घ्या आणि पंखा बंद ठेवा.